प्रतिवादी क्रमांक दोन

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या अण्णा मुळ्यांना एकट्या माणसाचा राग येत नाही. एकट्याने दारात केर टाकला तर ते मुकाट्याने उचलतात. पण केर टाकणारा जिन्यात दुसऱ्या कोणाशी दोन शब्द बोलताना दिसला, की अण्णा माझी बेल वाजवतात. "बाई, हे संगनमत आहे," असं सुरू झालं की मला त्या दिवशी शाळेत उशीर होणार हे नक्की.

अण्णा दिवाणी कोर्टात कारकून होते. आता निवृत्त होऊन इथे सावेडीत एकटेच राहतात. पत्नी वारल्या, मुलगी मृणाल हैदराबादला. कोर्ट सुटलं, पण कायदा काही अण्णांना सोडत नाही.

"फौजदारीत नुसता कट शिजला तरी माणूस अडकतो," ते समजावतात. "दिवाणीत तसं नाही. दोघांचं ठरलेलं पाहिजे, आपलं वाईट करायचा हेतू पाहिजे, आणि मुख्य म्हणजे नुकसान झालं पाहिजे. नुकसान नाही, तर दावा नाही." हे मी इतक्यांदा ऐकलंय, की एखाद्या दिवशी सातवीच्या वर्गात गणिताऐवजी हेच तोंडातून निघेल.

एकदा अण्णा अंगाला साबण लावून बसले आणि नळाचं पाणी गेलं. नेमके त्याच वेळी वरचे गाडेमामा आणि वॉचमन गच्चीवर हसत होते. संध्याकाळी दोघांना नोटीस, सुवाच्य अक्षरात, प्रतिवादी क्रमांक एक आणि दोन. मामा पारनेरकडचे शेतकरी, मुलाकडे राहायला आलेले. नोटीस घेऊन ते खाली आले.

"आवं अण्णा, टाकी धुवायची हुती. काल तुमाला सांगितलं, तवा तुमीच व्हय म्हनला."

"मग हसत का होतात?"

"वाचमननं इनोद सांगितला."

"कोणता?"

मामांना तो सगळा विनोद सांगावा लागला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी तो लिहून घेतला, नुकसान म्हणजे फक्त साबण वाळला एवढंच निघालं, म्हणून दावा काढून टाकला आणि मामांना चहा पाजला. त्यांचा प्रत्येक दावा असाच चहावर मिटतो.

मग माझी पाळी आली. दिवाळीला मृणाल आली होती. जाताना म्हणाली, "काकू, बाबा बीपीची गोळी घेतात का, जेवतात का, तेवढं दर रविवारी कळवाल?" मी आनंदाने कळवू लागले. 'गोळी घेतली. जेवले. तब्येत ठीक.' एकदा माझा मोबाईल अण्णांच्या टेबलावर राहिला, त्यावर मृणालचं 'थँक्यू काकू' उगवलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दाराखालून नोटीस आत आली. क्रमांक एक मृणाल, क्रमांक दोन मी.

वाण नाही पण गुण लागला. मीही नोटिशीला उत्तर म्हणून रेघांच्या कागदावर कैफियत लिहिली. ठरलं होतं, हे कबूल. वाईट हेतू, नाकबूल. नुकसान, काहीही नाही. स्वतःवर खूश होऊन ती अण्णांना नेऊन दिली.

अण्णांनी ती दोनदा वाचली.

"हेतू नव्हता, मान्य," ते म्हणाले. "पण बाई, नुकसान आहे."

"कसलं नुकसान अण्णा?"

"पूर्वी दर रविवारी तिचा फोन यायचा. बाबा, गोळी घेतली का, जेवलात का. मी चिडायचो तिच्यावर." त्यांनी कागदाची घडी घातली. "आता तिला सगळं तुमच्याकडून कळतं. मला विचारायला तिच्याकडे काही उरलंच नाही."

मला फार लाज वाटली. इतके महिने मी स्वतःला चांगली शेजारीण समजत होते. घरी येऊन लगेच मृणालला फोन केला आणि सांगितलं, "यापुढे मला काही विचारू नकोस. तुझं तू विचार बाबांना."

पुढच्या रविवारी मी अण्णांकडे खिचडी घेऊन गेले. त्यांनी ती पोटभर खाल्ली, वर माझ्यासमोरच गोळी घेतली. तेवढ्यात फोन वाजला.

"गोळी? अगं, कुठे ठेवली तेच सापडत नाहीये," अण्णा खुर्चीत आरामात मागे रेलत म्हणाले. "जेवण? बघू, अजून काही ठरलं नाही."

पलीकडून मृणालचा आवाज चढला. अण्णांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची रिकामी ताटली उचलली आणि आवाज न करता विसळून ठेवली.