चिंगीच्या हिरड्या

आमच्या गल्लीत कांदा चिरायचा तर आधी बापूरावांना कळवावं लागतं. ढोरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करून निवृत्त झालेले हे ड्रेसर पिशवी घेऊन दारात उभे राहतात आणि सालं स्वतः घेऊन जातात. गल्लीतली चिंगी कुत्री त्यात तोंड घालेल, ही धास्ती.

त्यांच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं आहे: कोहळं चालते. गाजर चालते. कांदा मरण. लसूण मरण. हिरवं टमाटर मरण. वांग्यापुढे नुसतं 'पाहू'.

"मुका जीव हाये, पोट दुखते म्हणून सांगत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी एकदा चिडून म्हणाले, काका, इथं माणसं गढूळ पाणी पितात, ते लिहा आधी. त्यांनी खडू माझ्या हातात दिला. "लिही न. भिंत मोठी हाये."

गल्लीतल्या जयंती उत्सवाच्या जेवणाला वांग्याची भाजी होती. मांडवाबाहेर चिंगी आशेनं बसलेली. मी कांद्याचे तुकडे वेचून काढले, आजारी माणसासाठी तिखट भाजी धुतात तशा फोडी दोन पाण्यांनी धुतल्या आणि पोळीत कुस्करून तिला घातल्या. मग बापूरावांना अभिमानानं सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. रस्सा कशाचा होता, एवढंच त्यांनी विचारलं. वाटलेल्या कांद्याचा. तो फोडींत मुरला होता.

ऑटोत चिंगीला मीच धरलं. डॉक्टरांनी तिला ओकारी करवली. म्हणाले, कांद्यानं रक्त कमी होतं, आठवडाभर हिरड्या पाहा, पांढऱ्या पडल्या तर लगेच आणा.

बापूराव तासातासाला तिचा ओठ वर करू लागले. ढगाळ असलं की बॅटरी लावायचे, मग बॅटरीचाच उजेड पिवळा वाटायचा. रंग जुळवायला शेजारच्या कुत्र्याचं तोंड उघडायला गेले, बोट थोडक्यात वाचलं. शेवटी स्वतःचा ओठ वर करून मला विचारलं, "माह्या कशा हायेत?" एरवी मी हसले असते. तिसऱ्या दिवशी चिंगी पाणीही पिईना. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसून राहिलो. माझ्या हातून एक जीव जातोय, याशिवाय मला काही सुचत नव्हतं.

आठवडा सरला. हिरड्या गुलाबीच राहिल्या. चिंगी माझी चप्पल घेऊन पळाली तेव्हा मला रडू फुटलं. मी म्हणाले, काका, तुम्ही मला एक शब्दही बोलला नाहीत.

त्यांनी चिंगीच्या तोंडातून चप्पल सोडवून माझ्यापुढे ठेवली. "तुह्या काकूची एक कुत्री होती. मीच तिले रोज उरलेलं पिठलं चारलं, कांद्याचं. दवाखान्यात जनम गेला, पण मले ठाऊक नव्हतं. मेली ते."

"काकू काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. सोता मरेपर्यंत काहीच नाही म्हणली."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुले असं ठेवत नाही मी, पोरी. आयक."

आणि त्यांनी मला शिव्या दिल्या. मन लावून, अख्ख्या गल्लीला ऐकू जातील अशा.