अर्ध्या दाढीचं सुतक

शफीकच्या सलूनमध्ये जानरावांचा उजवा गाल साफ झाला होता आणि डावा फेसात होता, तेवढ्यात पुण्याहून मॅडमचा फोन आला.

पाळीव जनावर गेल्यावर जी माणसं खचतात, त्यांच्याशी फोनवर बोलून त्यांना धीर द्यायचा, असं या मॅडमचं काम. जानरावांच्या लेकीनं, साधनानं, तिकडून परस्पर ठरवलेलं. भुरी मांजर हायवेवर ट्रकखाली सापडल्यापासून बाबा जेवत नाहीत, ही बातमी आईनं, तुळसाबाईंनी, तिला कळवली होती. गावाला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. शेलूबाजारात जानराव म्हणजे करडा माणूस. "या भुरीले एक दिवस पोत्यात घालून वाशीमले सोडून येतो," असं ते चारचौघांत कितीदा म्हणालेले. बशीतली साय तिला चाटू देत, ते दार लावून.

"काका, मोकळेपणानं बोलता येईल अशा जागी आहात ना?" मॅडमनी विचारलं.

जानरावांनी आरशातून मागं पाहिलं. बाक गच्च भरलेला. "हो," ते म्हणाले.

"तिच्या कशाची आठवण जास्त येते?"

जानरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि फेसात उतरलं. त्यांनी फोन बंद केला.

शफीकचा वस्तरा थांबला. "काका, लागलं काय?"

"नाई."

"मंग काहून रडून राह्यले?"

बाकावरचा पेपर खाली आला. जीपवाला मुन्ना तर उठूनच जवळ आला. बांधाची भांडणं ज्याच्या एका आवाजात मिटतात, त्या माणसानं या बाकासमोर 'मांजर' म्हणायचं?

"मामा गेले," जानराव म्हणाले. "धनजचे."

मामा वयानं पिकलेले होते आणि राहायलाही लांब होते. घाईत तेच सापडले.

शफीकनं वस्तरा मिटला आणि टॉवेलनं फेस पुसून टाकला. "आता दाढी बंद."

"अरे, पन अर्धी झाली ना!"

"झाली थे न कळत झाली. सुतकात तुमच्यात दाढी करत नाईत, मले मालूम नाई काय?"

आरशात जानराव एका बाजूनं नवरदेव दिसत होते आणि दुसऱ्या बाजूनं फरारी.

ते पायी घरी पोचायच्या आत बातमी मुन्नाच्या जीपमधून पोचली होती. शेजारची हिरीबाई पिठलं-भाकरीची टोपली झाकून हजर. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पहिला कडू घास शेजाऱ्यांनी द्यायचा. तुळसाबाईंनी नवऱ्याला दाराआड ओढलं.

"अवो, मामाजी कवा गेले? काल तं माह्यासंग फोनवर बोलले!"

जानरावांनी कानात खरं सांगितलं. तुळसाबाईंनी कपाळावर हात मारला. पण बाया पायरी चढतच होत्या. "तुमच्यापायी मले जित्त्या मानसाले रडा लागते," असं पुटपुटत त्यांनी पदर डोक्यावरून ओढला आणि त्या कोपऱ्यात बसल्या.

ओसरी भरली. ज्यांनी मामांना कधी पाहिलं नव्हतं, तेही त्यांचं चांगलं बोलू लागले. प्रत्येक चांगल्या शब्दासरशी जानरावांची मान आणखी खाली गेली.

"दोन घास खा, भाऊ," हिरीबाई म्हणाली. "गेलेलं मानूस काय परत येते?"

या 'परत येते'नं जानराव पुन्हा फुटले.

"मामासाठी एवढं कोनी रडत नाई, बाप्पा!" मुन्ना हेलावून म्हणाला. "मी जीप काढतो. सारेच जाऊ धनजले."

"नको!" जानराव ओरडलेच. "माती झाली. सारं झालं."

पण मुन्ना मदतीला उभा राहिलेला माणूस, तो असा थोडाच बसतो. त्यानं धनजकडच्या ओळखीच्या जीपवाल्याला फोन लावला: "मामाच्या घरी निरोप दे, आमी दहाव्याले येतो." जीपवाल्यानं निरोप इमानदारीनं पोचवला. ओट्यावर एक म्हातारा तुरीच्या शेंगा सोलत होता, त्यालाच दिला. तो म्हातारा म्हणजे मामाच.

दुपार कलली तशी दारात जीप थांबली आणि काठी टेकत मामा उतरले.

"कोन म्हनते मी मेलो?"

तुळसाबाईंचा हुंदका मध्येच तुटला. कोणाच्या तरी हातातला पेला पडला. मामांनी भाच्याकडं पाहिलं. "अन् जान्या, हे तोंडाचं काय करून ठेवलं?"

जानराव उभे राहिले. फरशीकडं पाहत म्हणाले, "तुमी नाई, मामा. भुरी गेली."

"कोन भुरी?" मागून कोणीतरी विचारलं.

"आमची मांजर."

आधी मुन्ना हसला, मग सगळी ओसरी. जानरावांचा उजवा गाल लाल झालेला सर्वांना दिसला. डाव्याचं कळायला मार्ग नव्हता.

"मांजरीसाठी मले मारलं?"

"मांजरीसाठी रडतो म्हनाची लाज वाटली, मामा."

"अन् जित्त्या मामाले माराची नाई वाटली?"

मामा धाप टाकत खाटेवर बसले. दम घेऊन म्हणाले, "भुरी म्हंजे थेच ना, दिवाळीत माह्या गोधडीत घुसून झोपे थे?"

"हो."

"कशी गेली?"

"ट्रकखाली."

मामांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पायाले ऊब राहे तिची," एवढंच बोलले. ओसरीवरचं हसणं एकेक करून विझलं. टोपली परत न्यायला निघालेल्या हिरीबाईनं वरचं फडकं पुन्हा काढलं. "माह्या घरी उंदीर नोहते तिच्यापायी," ती म्हणाली आणि भाकरी जानरावांच्या हातावर ठेवली. त्यांनी घास तोंडात घातला.

तेवढ्यात मॅडमचा फोन पुन्हा आला. "काका, मघाशी अवघड झालं का? आता जवळ कोणी आहे?"

जानरावांनी ओसरीवर नजर फिरवली. "हायेत ना. सारे हायेत."

मामांनी फोन ओढून घेतला. "मॅडम, पयले माह्याशी बोला. मी आज सकायीच मेलो."

दिवस मावळताना माणसं उठली. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. जानराव खालमानेनं कान देऊन बसले होते. हिरीबाई रिकामी टोपली घेऊन मुकाट्यानं गेली. मुन्नानं चपला घातल्या, तोही मुकाट्यानं. एकाही तोंडून 'येतो' आलं नाही.

शेवटी शफीक पेटी घेऊन आला. "मामा जित्ते हायेत म्हंते. बसा काका, डावा गाल करून देतो."

जानरावांनी गालावरच्या खुंटांवरून हात फिरवला. अंगणातल्या लिंबाच्या झाडाखाली, भुरीला पुरलं होतं तिथल्या अजून ओल्या दिसणाऱ्या मातीकडं पाहिलं.

"राहू दे, शफीक. दहाव्याले करू."

शफीकनं पेटी मिटली. पायरीवर तो मागं वळला, तेव्हा त्याच्या ओठांवर 'खुदा हाफिज' आलं होतं. ते गिळून तो न बोलता निघून गेला.