शकूआत्ये आणि शोध्या

शकूआत्येला राग आला की ती मोबाइल टोपलीखाली डालते. कोंबडी डालतात तसा. पडवीच्या कोपऱ्यात त्यासाठी एक जुनी बांबूची टोपली पालथी ठेवलेली असते. तिच्या काठाखाली चिऱ्याचा एक तुकडा सरकवलेला असतो, त्यामुळे एका बाजूने बोटभर फट राहते. "वारा लागू दे मेल्याला," आत्ये म्हणते. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मी तिला सांगून पाहिलं. "उजाडू दे की," ती म्हणाली, "पण माझ्या तोंडासमोर नको." मग सरळ बंदच का करत नाहीस, असं विचारलं तर माझ्यावर खेकसली. "बंद कशास? फोन काय बंद ठेवायला घेतलाय?"

आता रागाचं म्हणाल तर तो आत्येला दिवसभर असतो. सकाळी कावळ्यांवर, दुपारी कुरियरवाल्यावर, संध्याकाळी आमच्या मांजरावर. पण गेली दोन वर्षं या सगळ्यांना मागे टाकून शोध्या पहिल्या नंबरावर आहे.

शोध्या म्हणजे इंटरनेटवर आपण काही विचारलं की पन्नास ठिकाणं काढून पुढ्यात टाकतो तो. तुम्हीआम्ही त्याला शोधयंत्र म्हणतो. आत्ये त्याला यंत्र मानायलाच तयार नाही. यंत्राला शिव्या देऊन समाधान कुठलं मिळायला? म्हणून तिने त्याचा माणूस केला, त्याला नाव दिलं आणि मग मनसोक्त सुरुवात केली.

या भांडणाला कारण मी. मी घरी बसून वेबसाइटी करते. लग्न होऊन रत्नागिरीत या आळीत आले तेव्हा गडग्यापलीकडे ही बाई आहे याची कल्पना मला कोणी दिली नव्हती. आत्येने लग्न केलं नाही, माहेरच्या घरातच राहिली, त्यामुळे ती सगळ्या आळीची आत्ये. फणसपोळी, आंबापोळी, आमसुलं, असलं सगळं करून विकते. तिच्या फणसपोळीबद्दल मी काही लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही मागाल, आणि तिची तुमच्याशीही भांडणं होतील.

एके दिवशी ती गडग्यावर कोपरं टेकून म्हणाली, "गो मनू, मला ती वेबसाइट करून दे. मी सापडले पाहिजे."

एरवी लोक म्हणतात, धंदा वाढला पाहिजे, ऑर्डरी आल्या पाहिजेत. आत्ये म्हणाली, मी सापडले पाहिजे. बोलायची पद्धत असते एकेकाची, असं मला वाटलं. मी वेबसाइट करून दिली. त्यावर काय लिहायचं ते आत्ये एका बोटाने मोबाइलवर स्वतः लिहू लागली. आठवड्याने ती तणतणत आली. तिने मोबाइलवर "रत्नागिरी फणसपोळी" लिहून पाहिलं होतं. पहिल्या पानावर आत्ये कुठेच नव्हती. सगळ्यात वर कुठल्यातरी दूरच्या शहरातली एक कंपनी होती, आणि तिने "रत्नागिरी स्पेशल फणसपोळी" म्हणून जो फोटो लावला होता तो आंबापोळीचा होता.

"आंबापोळी आहे ती!" आत्ये किंचाळली. "शोध्याला डोळे नाहीत काय?"

तिने त्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलाने नम्रपणे विचारलं, "मॅडम, तुमचा ऑर्डर नंबर?"

"नंबर कसला? मीच तुला ऑर्डर देत्ये. तो फोटो खाली उतरव!"

फोटो उतरला नाही. मोबाइल टोपलीखाली गेला. आणि मी नवशिक्यांना जे शिकवते ते आत्येला शिकवायला बसले. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत संतापजनक उन्हाळा.

पहिला धडा सोपा असतो. लोक जे शब्द शोधतील ते शब्द आपल्या पानावर हवेत. मी म्हटलं, "वर मथळ्यात लिहू, 'रत्नागिरीची सर्वोत्तम फणसपोळी'."

"सर्वोत्तम कोणी ठरवलंन? शोध्याने खाल्लंन काय कधी?"

"आत्ये, सगळे लिहितात."

"म्हणून तर वाचवत नाही." शेवटी मथळा झाला "शकूची फणसपोळी, रत्नागिरी. बरी असते." मी पाया पडायची बाकी राहिले होते. 'बरी असते' काही निघालं नाही.

मग मी सांगितलं की काही जण तोच शब्द पानभर पन्नास वेळा लिहितात, पण ते शोधयंत्राला आवडत नाही, अशा पानाला ते मागे टाकतं. आत्येने एकदाच त्याच्याबद्दल बरा शब्द काढला. "एवढी तरी अक्कल आहे मेल्याला. मागून मागून कोणी काही देत नसतं."

फोटोंचं प्रकरण तर विचारूच नका. शोधयंत्राला फोटो नीट कळतोच असं नाही, म्हणून प्रत्येक फोटोच्या मागे त्यात काय आहे ते दोन शब्दांत लिहायचं असतं. न दिसणाऱ्या माणसांनाही ते वाचून दाखवलं जातं. हे ऐकून आत्ये म्हणाली, "आंधळा आहे होय? मग आधी सांगायचंस. मी उगीच डोळ्यांवरून बोलले." आणि मग तिने एकेका फोटोमागे जे लिहिलं ते मी आजही जपून ठेवलेलं आहे. "ही फणसपोळी ताटात थापून उन्हात ठेवली आहे. फणस बरका आहे. रंग गुळासारखा, कडेला थोडी काळी, पण ती करपलेली नव्हे. डावीकडे कावळा आहे. तो फोटोत आलेला नाही, पण होता."

पुढचा धडा होता की दुसऱ्या वेबसाइटींनी आपल्याकडे बोट दाखवलं तर आपलं वजन वाढतं. "मी जन्मात कोणाची शिफारस नेली नाही," असं म्हणून आत्ये उठून गेली. दोन दिवसांनी कळलं की ती एसटीने पूर्णगडला जाऊन आली. तिथे तिचा एक मावसभाऊ घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो आणि त्याची वेबसाइट आहे. त्याच्या ओटीवर बसून आत्येने त्याचा असा उद्धार केला की त्याने तिच्यासमोरच आत्येच्या पानाचा दुवा टाकला. शिफारस नव्हती ती, खंडणी होती. पण वजन वाढलं. हळूहळू आत्ये चौथ्या पानावरून दुसऱ्या पानावर आली, आणि एक दिवस पहिल्यावर.

मी पेढे घेऊन गेले. आत्ये म्हणाली, "पण तो शब्द काढलास तू. तो कुठाय?"

आता मुख्य भांडणाकडे येते. आत्येच्या पानावर शेवटी एक ओळ होती. "आमच्याकडे फणसपोळी, आंबापोळी, आमसुलं व फणफोळी मिळेल." फणफोळी! मला वाटलं, एका बोटाने लिहिताना चुकली, फणसपोळीच दुसऱ्यांदा चुकीची पडली. मी ती पुसली. एवढंच माझं पाप. तेवढ्यासाठी पेढ्यांच्या दुसऱ्याच दिवशी ही बाई हातात कोयता घेऊन माझ्या दारात उभी. फणस फोडताना तशीच उठून आली होती, पण मला ते कसं कळावं?

"चूक होती ती, आत्ये."

"तुला कोणी सांगितलंन चूक म्हणून? परत घाल."

मी लॅपटॉप उघडून तिला तक्ता दाखवला. कुठला शब्द महिन्याला किती लोक शोधतात ते त्यात दिसतं. फणसपोळीपुढे आकडा होता. फणफोळीपुढे शून्य.

"शून्य, आत्ये. या पृथ्वीवर एकही माणूस हा शब्द शोधत नाही."

"एक तरी असेल," आत्ये म्हणाली. "परत घाल."

मी घातला. चडफडत घातला. पहिल्या पानावर आल्यामुळे फोन वाढले होते, आणि त्यातले बरेच जण विचारत, ही फणफोळी काय असते? आत्येचं उत्तर ठरलेलं. "संपली." पावसात संपली, दिवाळीत संपली, ऐन मे महिन्यात अंगणभर ताटं वाळत असतानाही संपली. फोन घ्यायची तिची तऱ्हाही अजबच. टोपली फुलासारखी हळू उचलायची, "हॅलो" लोण्यासारखं म्हणायचं, आणि पलीकडून आवाज आला की दुसऱ्या वाक्यापासून जाळ. गिऱ्हाइकाने नुसतं "किलोचा काय भाव?" विचारलं तरी "भाव खायचाय की पोळी?" असं. या बाईला धंदा करायचा आहे की सूड घ्यायचा आहे, ते मला कळेना.

आणि मग ते झालं. एका गिऱ्हाइकाने सगळ्या जगाला दिसेल असा अभिप्राय लिहिला. "वेबसाइटवर फणफोळी लिहिली आहे. कधीही मागा, संपलेली असते. लोकांना फसवतात. एक तारा."

फसवतात! मावसभावाकडून खंडणी काय, आंधळ्या शोध्याला कावळा काय, सगळा उन्हाळा मी घालवला होता, आणि एका खोट्या शब्दापायी पान पुन्हा घसरणार. मी गडगा ओलांडूनच गेले. आत्ये पडवीत ताटं पुसत बसली होती.

"काय असते गो आत्ये ही फणफोळी?" मी ओरडले. "आज मला दाखव! नाहीतर मी तो शब्द काढत्ये, कोयता आण की आणखी काही आण!"

आत्येने ताट खाली ठेवलं. मला वाटलं आता बरसते. पण ती ज्या आवाजात बोलली तो मी कधी ऐकलाच नव्हता.

"फणसपोळीच. रेवाला फणसपोळी म्हणता यायचं नाही."

रेवा म्हणजे तिच्या भावाची मुलगी. आईबाप दोघं मुंबईला नोकरीला, म्हणून ती तान्ही असल्यापासून शाळेत जाईपर्यंत आत्येकडे वाढली. मग मुंबईला नेली. पुढे नवराबायकोचं फाटलं, मुलगी आईकडे गेली, आई तिला घेऊन कुठल्या कुठे गेली. भावाने दुसरं लग्न केलं आणि तो विषयच बंद केला. आत्येने फोनवर तिचं नाव काढलं की तो फोनच ठेवून देतो.

"कोर्टात आईला विचारलं, बापाला विचारलं," आत्ये म्हणाली, आणि आता तिचा नेहमीचा राग परत आला. मला हायसं वाटलं. "आत्येला कोण विचारतो? आत्ये कुठल्या कागदात बसत नाही. न्हाऊ घातलं मी, गोवरात मांडीवर घेऊन बसले मी. आडनावसुद्धा बदललंन तिच्या आईने. आता मोठी झाली असेल घोडी. माझं नाव तिला ठाऊक नसणार, मी नुसती आत्ये. घर कुठलं, आळी कुठली, काय लक्षात राहिलं असेल? पण हा शब्द असेल. जिभेवरचा शब्द जात नाही गो. कधी आठवला तर ती शोध्यालाच विचारील ना? तेव्हा त्याने मला काढून दाखवायला हवं. दुसरं कोणी नकोच त्या पानावर."

दुसरं कोणी नव्हतंच. फणफोळी हा शब्द टाकला की सगळ्या जगात एकच पान येत होतं. शोधयंत्रात पहिलं कसं यावं, याचे धडे मी हिला देत होते.

"मग तू शोध ना तिला," मी म्हटलं. "मी मदत करत्ये. सापडेल."

"नको. जत्रेत न्यायच्या आधी मीच तिला शिकवलं होतं. हात सुटला तर पळायचं नाही, शोधत फिरायचं नाही. सुटला तिथेच उभं राहायचं. दोघं फिरली की चुकामूक होते. आता तिचा हात कोणी सोडवलान ते राहू दे. ती तर फिरत्ये कुठेतरी. मी उभी राहायला हवी ना?"

मला संताप आला. भावाचा आला, त्या आईचा आला, शून्य दाखवणाऱ्या त्या तक्त्याचा आला, एक तारा देणाऱ्या त्या गिऱ्हाइकाचा तर इतका आला की तो समोर असता तर मी आत्येचा कोयता मागून घेतला असता. काहीतरी करायलाच हवं होतं, म्हणून मी घरून लॅपटॉप आणला आणि तिच्यासमोर त्या ओळीखाली लिहिलं, "फणफोळी एका माणसासाठी राखून ठेवली आहे."

आत्येने चष्मा लावून वाचलं आणि तोंड वाकडं केलं. "राखूनबिखून कशास? ओशाळेल ती. नुसतं 'आहे' लिही."

"फणफोळी आहे." मी लिहिलं. तेवढ्यात टोपलीखालचा मोबाइल वाजला.

आत्येचे हात ताटं पुसून ओलसर झाले होते. तिने ते पदरालाच पुसले, टोपली हळू उचलली, अनोळखी नंबर बघितला, आणि ते लोण्यासारखं "हॅलो" म्हणाली. मी प्रथमच तिच्या तोंडाकडे बघत होते. पलीकडे कोणीतरी पुरुष कर्ज हवं का विचारत होता. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आत्येने त्याचा, त्याच्या बँकेचा आणि त्याला नोकरी देणाऱ्याचा असा समाचार घेतला की गडग्यावरचे कावळे उडाले. त्या बिचाऱ्याचा काही गुन्हा नव्हता. तो रेवा नव्हता, एवढंच.

मग तिने मोबाइल जागेवर ठेवला, टोपली पालथी घातली, आणि चिऱ्याचा तुकडा काठाखाली नीट सरकवला. जरा वाकून कान लावून बघितला. फट कमी वाटली असावी. तिने तुकडा उभा केला.

"वारा लागायला?" मी विचारलं.

"वारा कसला," आत्ये म्हणाली. "मागीलदारी असले तर ऐकायला यायला नको?"