कच्चा माल, लांब धागा

कापसाच्या पडत्या वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात एक पीक मात्र दर मोसमाला भरघोस यायचं, ते समित्यांचं. एक समिती पाणी पाहून जायची, दुसरी बियाणं, तिसरी आमची मनं. त्यातलीच एक राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात ऐन वेचणीत उतरली. तिचं नाव ‘आपद्‌ग्रस्त ग्रामीण क्षेत्र दीर्घकालीन क्रीडा संभाव्यता शोध समिती’. कापूस बुडाला तर बुडाला, त्याच मातीत बास्केटबॉल रुजतो का, एवढंच तिला पाहायचं होतं.

समितीचे अध्यक्ष होते तालुका क्रीडा संयोजक मारोतराव. खेळाशी त्यांचा संबंध गळ्यातल्या शिट्टीपुरता. उंची मोजणारा तज्ज्ञ रजेवर होता, म्हणून त्याच्या जागी कापूस खरेदी केंद्रावरचे ग्रेडर खेमसिंगभाऊ आले होते. “लांबी मोजण्याचा यांना वीस वर्षांचा अनुभव आहे,” असं मारोतरावांनी गावाला सांगितलं. कशाची लांबी, ते सांगायची गरज नव्हती. भाऊंना सगळे ओळखत होते. गाडीतला कापसाचा पुंजका दोन बोटांत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचं आणि गाडीभर मालाची प्रत ठरवून टाकायची, हे त्यांचं काम.

माझ्या शेजारच्या सत्यभामेची ममता तेव्हा पंधरा वर्षांची. त्या दिवशी ती वावरात होती. वेचलेल्या कापसाचं गाठोडं डोक्यावरून वाहून नेण्याचा तिला कंटाळा. ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून ते बैलांच्या शिंगांवरून थेट बैलबंडीत फेकायची. समितीची जीप तिथेच थांबली.

“कोणाची पोट्टी हे?” मारोतरावांनी विचारलं.

“माही हाय,” सत्यभामा घाबरून म्हणाली. “उंच झाली साहेब, पण त्यात तिची काही चूक नाही.”

खेमसिंगभाऊंनी ममताला ताठ उभं केलं, टेप लावला, आकडा टिपला. मग वीस वर्षांच्या सवयीने तिच्या वेणीचं टोक दोन बोटांत धरून ओढलं. सत्यभामेनं त्यांचा हात झटकला. “कापूस नोहे तो, भाऊ.”

“बास्केटबॉल खेळली का कधी?” मारोतरावांचा पुढचा प्रश्न.

“पाह्यला बी नाही,” ममता म्हणाली.

मारोतरावांचा चेहरा उजळला. भाऊंनी खिशातल्या छापील पावतीवरच शेरा लिहिला: ‘लांब धागा. कच्चा माल. ओलावा प्रमाणात. खेळाचा कचरा आढळला नाही.’

अशी ममताची निवड झाली. आता, सरकी काढलेला कापूस खरेदी केंद्र घेत नाही, कारण तो कच्चा उरलेला नसतो. तोच नियम भाऊंच्या शिफारशीवरून ममतालाही लागला. संभाव्य खेळाडूनं खेळू नये. खेळला तर तो खेळाडू होतो, मग संभाव्य राहत नाही, आणि समिती तर संभाव्यांसाठीच नेमलेली. शिवाय वाकल्यानं लांबी कमी भरते, म्हणून ममतानं कापूस वेचायचा नाही. सत्यभामा तिच्या वाटच्या ओळीही एकटीच वेचू लागली. दर तीन महिन्यांनी राळेगावला जाऊन ममतानं उंची मोजून घ्यायची आणि पावती आणायची, एवढं सोपं काम तिच्याकडे राहिलं.

“पण साहेब, पोट्टी खेळीन कधी?” सत्यभामेनं विचारलं.

“बाई, योजना दीर्घकालीन आहे.”

“म्हंजे किती लंबी?”

“ते योजना संपल्यावर कळते.”

समितीनं काहीच केलं नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. शाळेच्या पटांगणात एक खांब आला. त्यावर लोखंडी रिंग बसली, ती चौदा फुटांवर. रिंग दहा फुटांवर असते, हे ममतानं शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. तिनं तसं सांगितलं.

“दहा आजच्यापुरते झाले,” मारोतराव म्हणाले. “तू वाढशीन तवा हा खांब पुन्हा कोण उकरीन?”

चेंडूही आला. तो ‘नमुना’ म्हणून पंचायतीच्या कपाटात प्लास्टिकसकट ठेवला गेला.

ममतानं मग आईच्या जुन्या लुगड्यात कापूस ठासून चेंडू शिवला. एका सकाळी पटांगणालगतच्या हापशीवर बायांची गर्दी होती. तिनं पटांगणाच्या कडेला उभं राहून तो फेकला. चौदा फुटांवरच्या रिंगेतून तो असा अल्लाद खाली आला, की हापशीचा दांडा दाबायचाही आम्ही विसरलो. म्हाताऱ्या लीलाबाईंनी कानशिलावर बोटं मोडून तिची दृष्ट काढली. पुढच्या आठवड्यात पेपरात दोन ओळी आल्या आणि त्यांच्या मागोमाग नोटीस: ‘आपणांकडून कामगिरी घडल्याचे निदर्शनास आले आहे. आपले नाव संभाव्य यादीतून का वगळण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा.’

मारोतराव स्वतः सल्ला द्यायला आले. माणूस वाईट नव्हता. “लिहून द्या, का चुकून गेला म्हणून. यादीत नाव राह्यलं तर पुढं काही होईन. नाव कटलं का संपलं.”

माझं शिक्षण घरीच झालं, पण अक्षर बरं. सत्यभामा कागद माझ्याकडेच घेऊन आली. मी लिहिलं: ‘सदर चेंडू माझ्या हातून अनवधानाने आत गेला. मला हा खेळ येत नाही. पुन्हा असे होणार नाही.’

“काकू, चुकून नाही गेला,” ममता म्हणाली. “मी टाकला.”

“मले ठाऊक आहे वं बाई. आधी नाव तर राहू दे.”

तिनं सही केली. नाव राहिलं.

तीन वर्षं पावत्या जमत गेल्या. ममताला अठरा वर्षं पूर्ण झाली. तेव्हा पेपरात आलं की अमरावतीला विभागीय संघाची निवड आहे आणि एकोणीस वर्षांखालच्या मुलीच चालतील. तिच्यासाठी हीच शेवटची. अर्ज तिनं स्वतः भरला. एकच कागद कमी होता, समितीचं ‘ना हरकत’. आम्ही तिघी राळेगावला गेलो. ती आयुष्यात एवढी बोललेली मी कधी ऐकली नव्हती. “साहेब, एकडाव जाऊ द्या. हारून आली तं आली. हारले तं मले समजन तरी.”

मारोतरावांनी फाईल उघडली. “ना हरकत फक्त खेळाडूला मिळते. तू खेळाडू असल्याचा पुरावा?”

“मी चेंडू टाकला होता ना. पेपरात आलं होतं.”

“त्याचा खुलासा आहे इथं.” त्यांनी माझा कागद काढून मोठ्यानं वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. “‘मला हा खेळ येत नाही.’ सही तुहीच ना? अक्षर कोणाचं हो? लई सुंदर.”

मी माझ्या चपलांकडे पाहत राहिले.

“आणि टाकला होता म्हणत असशीन,” ते पुढे म्हणाले, “तर नियम मोडला. मग नावच कटलं. यादीत नसलेल्या पोरीला समिती ना हरकत कशी देईन?”

कोपऱ्यात टेप गुंडाळत बसलेले खेमसिंगभाऊ हळूच म्हणाले, “साहेब, कापूस लई दिवस पडून राह्यला तं पिवळा पडते.”

“तसा लेखी शेरा द्या.”

भाऊंनी टेपची सुरळी पुन्हा उलगडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

अमरावतीची तारीख गेली. ममताला एकोणीस पूर्ण झाली त्या महिन्यात तालुक्याच्या सभागृहात तिचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि प्रमाणपत्र: ‘संभाव्यता पूर्णतः अबाधित. एकदाही वापर नाही.’ अशी अखंड जपलेली संभाव्यता विभागात दुसरी नव्हती, असं पाहुण्यांनी सांगितलं. मग दोन शब्द बोलायला तिच्या हातात माईक दिला. ती दोनच बोलली.

“आता खेळू?”

“आता कायले?” मारोतराव खरोखरच गोंधळून म्हणाले. “आता तर वय गेलं ना, बाई.”

टाळ्या झाल्या. सवयीने मीही वाजवल्या.

ही हकीकत मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. सगळे हळहळतात, समितीला नावं ठेवतात आणि मग हळूच विचारतात, “पण पोरीची उंची नेमकी होती किती हो?” तुम्हीही मघापासून तेच शोधत असाल. मी मुद्दाम लिहिली नाही. तुम्हाला मोजायचीच असेल तर समितीत तज्ज्ञाची जागा अजून रिकामी आहे, अर्ज करा. चेंडू तिनं किती लांबून टाकला, हे मात्र मला अजून एकानेही विचारलेलं नाही.