सुमनकाकूंची खिडकी

"काका, सरकारनं मास्क सोडला. तुमी कवा सोडता?"

आसेगावच्या स्टँडवर कंडक्टरने विचारलं आणि अर्धी बस हसली. अंभोरेकाकांनी आधी मास्कची तार नाकावर नीट दाबली, मग उत्तर दिलं, "सरकारले सुमननं किडनी देल्ली काय? मले देल्ली."

मंगरूळपीरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत काकांची जागा ठरलेली, उजवीकडची तिसरी खिडकी. ते तिथल्या एका कचेरीत कारकून आहेत. सहा वर्षांपूर्वी सुमनकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, स्वतःची एक किडनी त्यांना दिली. शरीराने ती परकी मानू नये म्हणून रोज गोळ्या, आणि त्या गोळ्यांमुळे दुसऱ्याची साधी सर्दीही काकांना दवाखाना दाखवते.

त्या किडनीचं नाव त्यांनी सुमनच ठेवलंय. कुणी भजी पुढे केली की म्हणतात, "मी खाल्ली असती बाप्पा, पण सुमनले मीठ जमत नाई." पाणी घड्याळ पाहून, दोन घोट. "एक माहा, एक तिचा." खड्डा आला की डबा सोडून पोट धरतात आणि ड्रायव्हरवर ओरडतात, "हळू ना बे! सुमन झोपली हाय!"

त्यांच्या खिशात बाभळीची एक पाचर असते. एसटीची खिडकी धक्क्यांनी आपोआप सरकत बंद होते, म्हणून बसल्याबरोबर ती खाचेत ठोकायची आणि जाहीर करायचं, "सरका थोडं. सुमनले हवा लागू द्या."

काका कोरोनाच्या आधीपासून मास्क लावायचे. तेव्हा लोक टीबी समजून दूर बसत. मग सगळ्यांनाच मास्क आला आणि काकांचे दिवस फिरले. चष्म्यावर वाफ येऊ नये म्हणून तार कुठे दाबायची, हे त्यांनी अख्ख्या बसला शिकवलं. "सारी दुनिया माह्या शाळेत भरती झाली," असं खुशीत सांगायचे.

आता शाळा रिकामी झाली होती. उरलो आम्ही दोघं. मी त्यांच्या "पार्टीची मेंबर", म्हणून रोज एक लिमलेटची गोळी मिळायची. "उतरल्यावर खाजो. मास्क काढू नको."

मी मास्क का लावते, याचं खरं कारण मी त्यांना कधी सांगितलं नाही. मी वाशीमच्या इंग्रजी शाळेत शिकले. माझं मराठी पुस्तकी, तोंड उघडलं की बसमधल्या बाया हसायच्या. मास्क असला की बोलावं लागत नाही, एवढंच.

परवा रस्त्याचं खोदकाम सुरू होतं, धूळ आत येत होती. मागच्या सीटवरच्या तरुणाने हात लांबवून पाचर उपटली आणि खिडकी बंद केली. त्याच्या शेजारी कुणीतरी सारखं खोकत होतं.

"बाप्पू, पाचर दे ना."

"काका, धूळ येऊन राह्यली! अन् काकूले जाऊन साल झालं. कोणाले जपून राह्यले आता?"

सुमनकाकू दुसऱ्या लाटेत गेल्या, हे सगळ्यांना माहीत होतं. काकांसमोर कुणी म्हटलं नव्हतं.

काका भांडले नाहीत. त्यांनी तळहात पोटाच्या उजव्या बाजूवर ठेवला, झोपलेल्या माणसाला गलका ऐकू जाऊ नये म्हणून त्याचा कान झाकावा तसा.

"तेवढीच उरली ना, बाप्पू," ते म्हणाले. मग डबा उचलून उभे राहिले. "कंडक्टर, थांबव. उतरतो मी. उद्यापासून पाहीन दुसरं काही."

दुसरं काही नव्हतं. मोटारसायकल डॉक्टरांनी केव्हाच बंद केली होती.

मी उभी राहिले. त्या तरुणापुढे हात केला, तर त्याने पाचर निमूट दिली, बहुधा आश्चर्यानेच. मी खिडकी उघडली, पाचर ठोकली. मास्कमधूनही आवाज इतका मोठा निघतो, हे मला तेव्हा कळलं.

"काका, बसा तुमी. अन् बाकीचे सरका थोडं बाप्पा, सुमनकाकूले हवा लागू द्या!"