भर उन्हात छत्री

सकाळचे दहा वाजून गेले तरी संगप्पा चादरींचं दुकान उघडायला निघाले नव्हते. खिडकीच्या गजांमागे उभे राहून ते गल्लीत आलेल्या एका अनोळखी तरुणाकडे बघत होते. पाठीवर सॅक, हातात काठी, काठीच्या टोकाला मोबाईल. त्याने आधी देवळाचं दार टिपलं, मग झोपलेलं कुत्रं टिपलं, आणि मग सावकाश काठी वळवून संगप्पांच्या दारावरची पाटी टिपली.

"आला," संगप्पा बायकोला म्हणाले.

कोण, ते श्रीदेवीबाईंना सांगावं लागलं नाही. चारच दिवसांपूर्वी अक्कलकोटचे पाहुणे त्यांच्या मुलीला, सुकन्याला बघून, पोहे खाऊन "कळवतो" म्हणून गेले होते. आधीची दोन स्थळंही "कळवतो" म्हणूनच गेली आणि पुढे त्यांनी काही कळवलं नाही. मधल्या दिवसांत मुलाकडचा एखादा माणूस गुपचूप गल्लीत येतो, भलतंच निमित्त काढून शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो, हे शुक्रवार पेठेत कुणाला ठाऊक नाही? पुतणीच्या वेळी मुलाची चौकशी करायला खुद्द संगप्पांनी भर उन्हाळ्यात अक्कलकोटच्या एका किराणा दुकानात तीनदा जाऊन छत्री मागितली होती. असल्या कामावरचा माणूस त्यांना लांबूनच ओळखू येई.

बाहेर तरुण मोबाईलशी बोलत होता. "मित्रांनो, आज इथलं सगळं तुम्हाला दाखवणार. काही लपवणार नाही."

"अहो, व्हिडिओ कॉल हाय की," श्रीदेवीबाई कुजबुजल्या. "तिकडं सगळं घरदार बसून बघालंय."

"पण मित्रांनो म्हणतोय."

"मग काय पाहुण्यांनो म्हणंल? शिकवून पाठवलंय त्याला."

संगप्पा हातात उगाच पेपर घेऊन बाहेर आले. "कुणाकडं आलाय?"

"कुणाकडे नाही काका. मी अभिमन्यू, नाशिकचा. एकटाच फिरतो."

"आणि काम काय करता?"

"हेच काम. नवीन गावात जायचं, लोकांना विचारायचं आणि दाखवायचं."

संगप्पांनी पेपर काखेत मारला. पाहुण्यांनी चक्क पगारी माणूस धाडला होता.

"काका, कडक भाकरी करणाऱ्या बजाबाई कुठे राहतात? त्यांच्याशी जरा बोलायचं होतं."

भाकरी म्हणजे याची छत्री, हे संगप्पांनी लगेच ताडलं. पण विचारायला माणूस निवडला तोही बजाबाईच. त्या भिंतीला भिंत लागून राहत. दर चार दिवसांनी येणाऱ्या नळाच्या पाण्याला आधी मोटर कुणी लावायची, यावरून त्यांचं आणि श्रीदेवीबाईंचं सहा महिने वाजलेलं होतं. आधीची दोन स्थळंही त्यांनीच मोडली, अशी श्रीदेवीबाईंची खात्री होती. संगप्पांनी अभिमन्यूला गल्लीच्या उलट्या टोकाला पाठवलं आणि घरात धाव घेतली.

दोन मिनिटांत श्रीदेवीबाई शेंगा चटणीची बरणी घेऊन मागच्या दाराने बजाबाईंपुढे उभ्या होत्या. "बजाबाई, आजपासून मोटर आधी तुमची."

बजाबाईंनी बरणीकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालंय?"

श्रीदेवीबाईंनी झालं ते सांगितलं. "पोरीचं भलं तुमच्या हातात हाय."

"आदीच्या येळला मी कायबी बोलले न्हाय," बजाबाई म्हणाल्या. "मला कुणी इचारलंच न्हाय." याचं त्यांना खरोखर वाईट वाटलेलं होतं.

तेवढ्यात गल्ली पालथी घालून, घामाघूम झालेला अभिमन्यू दारात आला आणि काठी धरून उंबऱ्यावर बसला. "मावशी, ही भाकरी किती दिवस टिकते?"

"पोरगी लई गुणाची हाय."

"नाही, मी भाकरीचं विचारतोय."

"ती बी तीच करती. त्येंच्या घरात कुणाचा आवाज म्हणून न्हाय बगा."

अभिमन्यूने चुलीकडे मोबाईल वळवला, तर दाराआडून ऐकणारे संगप्पा त्यात आले. त्याने घाईघाईने सॅक उचलली. "काका, स्पष्टच सांगतो. माझं लग्न ठरलंय."

"तुमचं कोण म्हणतंय?" संगप्पा म्हणाले. मग आपण काय बोलून बसलो, ते त्यांच्या लक्षात आलं.

सुकन्या चिंचोळी एमआयडीसीत कामाला होती आणि त्या दिवशी तिची सुट्टी होती. गलक्याने जागी होऊन, भिंतीपलीकडचं सगळं ऐकून ती आली आणि सरळ अभिमन्यूकडे वळली.

"दादा, यांना वाटलंय, मुलाकडनं माझी चौकशी करायला तुम्ही आलाय. म्हणून आज ह्या दोघी बोलालेत. एरवी पाण्याच्या दिवशी हितं कान झाकून फिरावं लागतं. आणि आवाजाचं म्हणाल तर माझा दोघींपेक्षा मोठा हाय. भाकरी पंधरा दिवस टिकती. मला करता येत न्हाय."

काठीवरचा मोबाईल चालूच होता.

तिसऱ्या दिवशी अक्कलकोटहून फोन आला. संगप्पांनी तो देवासमोर उभं राहून घेतला.

"नेटवर आलेला व्हिडिओ बघितला," मुलाचे वडील सिद्रामप्पा म्हणाले. "तो माणूस आमचा नव्हे. आमचा येत्या रविवारी येणार होता. आता काय विचारायचं राहिलंय? पोरगं म्हणतंय, हीच करायची."

श्रीदेवीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पहिला पेढा बजाबाईंना दिला. सुकन्याने मात्र पेढ्याला हात लावला नाही.

"त्यांनी कळवलं," ती म्हणाली. "मी कुटं कळवलंय?"

रविवारी ती तसलीच एक काठी घेऊन, डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधून निघाली. पोचवायला संगप्पा स्टँडवर आले. पाहुण्यांनी ओळखलं तर हातचं स्थळ जायचं. पण त्यांनी तिला अडवलं नाही. एसटी हलताना खिडकीशी येऊन ते हळूच म्हणाले, "विचारताना छत्री माग."

अक्कलकोटला मुलाच्या गल्लीत तिने काठी उंच धरून दोन्ही बाजूंची घरं टिपली. मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाशी जाऊन तिने विचारलं, "काका, छत्री हाय का?"

दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं, कडकडीत उन्हाकडे पाहिलं. मग एक स्टूल फडक्याने पुसून पुढे सरकवलं.

"बसा," तो म्हणाला. "कुणाच्या पोराचं विचारायचंय?"