गाडीखालचे साळवे काका

साळवे काका गाडी बघायला गेले की आधी दिसेनासे होतात. गाडीचा मालक हात पुढे करून उभा असतो, घरात चहाचं आधण ठेवलेलं असतं, आणि काका तोवर जुना फ्लेक्स अंथरून, खिशातली बॅटरी काढून गाडीखाली गेलेले असतात. बाहेर उरतात फक्त दोन पाय. मालक बिचारा त्या पायांनाच नमस्कार करतो. खालून आवाज येतो, "जय भीम. जरा उजेड सोडून उभं ऱ्हा."

आमची कॉलनी शहराच्या कडेला, पडेगावला. काका आमच्यापासून तिसऱ्या घरात एकटे राहतात. वाळूजच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं शेवटच्या तपासणीच्या टेबलावर बसले, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आता लोकांना जुनी गाडी तपासून देतात. पैसे घेत नाहीत, चहासुद्धा उभ्यानेच पितात. अट एकच, गाडी ठरावीक हवी. ती तुम्ही रस्त्यावर रोज बघता: उभट, चौकोनी, उंच छपराची, कपाटाला चाकं लावल्यासारखी. आमच्याकडे तिला सगळे 'डबा' म्हणतात. दुसरी कुठलीही गाडी दारात आणा, काका तिच्याकडे मान वळवून बघणार नाहीत. एकदा एका बिल्डरने आपली लांबलचक काळी गाडी आणली, तर म्हणाले, "ही आपल्या खात्यातली नाय." बिल्डर महिनाभर रुसला होता.

आता मला डबा कशाला हवा होता, ते सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझी बदली झाली खुलताबादच्या पुढच्या एका गावात, म्हणजे रोज दौलताबादचा घाट. कंबरेच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी स्कूटी बंद केली होती. जीपमध्ये चौदा माणसांत कोंबून एकदा गेले, तर दोन दिवस सुट्टी टाकून झोपून होते. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत गाडी घ्यायची, नाही तर नोकरी सोडायची, इतकं ते सरळ होतं. आणि मी जन्माची भित्री. पाळण्यात न बसलेली, विहिरीत न डोकावलेली. पंचेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंगच्या क्लासला गेले, तर शिकवणारा पहिल्या दिवसापासून एकच वाक्य म्हणायचा, "मॅडम, डोळे उघडे ठेवा."

आमच्या ह्यांचं औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. ते म्हणाले, "घ्यायची तर नवी घे, कटकट नको." मी हे काकांना सांगितलं. काका दारातल्या पायरीवर मटकन बसले.

"नवी? ताई, नव्या गाडीची तर लई भीती. जुनीनं निदान खड्डे खाल्लेले असतात. जे तुटायचं ते तुटून गेलेलं असतं. नवीच्या पोटात काय हाय ते कुणाला म्हाईत?"

"पण काका, तिथे तपासायला माणसं असतात ना?"

काका पायरीवरून उठले. म्हणाले, "असतात."

अशा माणसाबरोबर मी एप्रिलपासून दर रविवारी गाड्या बघत हिंडले. त्यांच्या खिशात पायमोज्यात गुंडाळलेलं लोहचुंबक असायचं. ते पत्र्यावरून फिरवायचं. जिथे धरत नाही तिथे रंगाखाली लांबीचा लेप भरला आहे, म्हणजे गाडी ठोकलेली. पायाखालचं कारपेट उचलून वास घ्यायचा. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी चिखल आहे का ते बघायचं, कारण पुरात बुडालेली गाडी वरून कितीही धुतली तरी पट्ट्याच्या टोकाला खरं बोलते. हे सगळं करताना ते मला डब्याचे गुणदोषही समजावत. "बसायला उंच, तुमच्या कंबरेला बरं. पटका बांधलेला माणूस बसला तरी छताला लागत नाय. पण पत्रा पातळ. शेजारून ट्रक गेला की हालती. आन् मागं गॅसची टाकी बसवलेली असंल, तर भाजीची पिशवी मांडीवर." बोलून झालं की ठरलेलं वाक्य यायचं, "दिसत नाय म्हंजे नाय, असं नसतंय." या वाक्याने माझी झोप उडाली. फळीवरचा डबा काढतानाही मी आधी फळी हलवून बघायला लागले.

सहा गाड्या त्यांनी नापास केल्या. एकीचं पुढचं अर्धं अंग एका गाडीचं होतं आणि मागचं दुसरीचं. एकीचं इंजिन, थंड असतानाची खोड कळू नये म्हणून, आम्ही यायच्या आधीच गरम करून ठेवलेलं, तर काकांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि तसेच परत फिरले. एजंट लोक त्यांना टरकून असत. एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, म्हातारा दुसऱ्या पार्टीकडून खातो. तुम्हाला गाडी घेऊच देणार नाही."

मला ते पटलं नाही, पण एक गोष्ट मलाही खटकत होती. काका गाडीखाली गेले की डाव्या पुढच्या चाकापाशी फार वेळ थांबायचे. इंजिन दहा मिनिटांत उरकणारा माणूस त्या एका चाकापाशी पंधरा-पंधरा मिनिटं. आणि बाहेर येताना चेहरा असा, की सुटलो बाबा. गाडी भंगारात घालण्याच्या लायकीची निघाली तरी तेच. मे संपत आला होता, आणि या माणसाला कसला आनंद होतो हे मला कळेना.

सातवी गाडी छावणीत मिळाली. मालक रशीदचाचा, लष्करी डेपोतून निवृत्त झालेले कारकून. मोतीबिंदूमुळे गाडी चालवणं बंद झालं म्हणून विकत होते. पांढरा डबा, तेरा वर्षांचा, दाराच्या रबराला पावडर लावून ठेवलेली. काका खाली गेले. मी आणि चाचा लिंबाखाली उभे राहिलो. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की काकांचे पाय हलायचे थांबले आहेत.

"काका?"

मी दोनदा हाक मारली. मला वाटलं, माणूस खालीच गेला. मी वाकणार तेवढ्यात आवाज आला, "ताई, पिशवीतली दुसरी बॅटरी द्या."

बाहेर आले तेव्हा तोंडावर रक्त नव्हतं. "हीच हाय," म्हणाले.

मला वेडीला वाटलं, गाडी पसंत पडली. "मग घ्यायची?"

"थांबा."

त्यांनी जॅक लावला. खाली आधाराला लोखंडी घोडा ठेवला, त्याच्या शेजारी दुसरा, मग स्टेपनी, मग चाचांच्या परसातले दोन दगड. तरीही मला म्हणाले, "गाडीकडं ध्यान ठेवा, हालली तर वरडा." चाक काढलं. आत एक लोखंडी हात असतो, पुढचं चाक गाडीला धरून ठेवणारा. गॅरेजवाले त्याला लोअर आर्म म्हणतात. तो धावत्या गाडीत तुटला तर चाक आडवं होतं, पुढचं काय ते सांगायला नको. काकांनी त्याचा जोड तारेच्या ब्रशने घासला. त्यावर पिशवीतल्या डब्यातून लाल रंग फवारला, थांबले, फडक्याने पुसला, मग वरून पांढरी पूड फवारली.

"पोलादाला तडा असंल तर लाल आत मुरलेला असतो," ते म्हणाले. "धा मिनिटांत पांढऱ्यावर रेघ उमटती. तुम्ही बगा. मला नाय बगवत."

आणि हा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. समोर वितीएवढं पांढरं लोखंड, आणि मी त्याच्याकडे असं बघत होते, जणू माझाच रिपोर्ट यायचा आहे. पाच मिनिटं झाली. सात झाली. मग कडेला एक लाल ठिपका दिसला.

"काका, लाल."

ते वळले तेव्हाचा त्यांचा चेहरा मला परत बघायचा नाही. गुडघ्यावर बसले, नखाने ठिपका खरवडला, परत घासलं, परत लाल, परत पांढरा. पुन्हा दहा मिनिटं. चाचांनी आणलेला चहा निवून गेला. या वेळी काही उमटलं नाही, जोड पांढराच राहिला; आधीचा ठिपका म्हणजे कडेच्या मळात अडकलेला रंग होता.

काका जमिनीवरच बसले. "वीस," म्हणाले.

चाचांना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांना वाटलं, गाडीवर संशय घेताहेत. "साब, तेरा साल चलाया मैं इसको. पैठण गया, जालना गया, बच्ची की डिलिव्हरी को रात में परभणी गया. कुछ नै हुआ."

"और?" काकांनी विचारलं. "और किधर गई?"

चाचा सांगत गेले. दर्ग्याला, नांदेडला, भावाच्या मयतीला बीडला, पावसात, उन्हात. सासरी दिलेल्या लेकीची खुशाली ऐकावी तसे काका ऐकत होते. मधेच विचारायचे, "भरून गेली व्हती? किती माणसं?"

परत येताना रिक्षात मी सरळ विचारलं. काका रस्त्याकडे बघत बोलले.

"तेरा वर्षं झाली. दुपारी गेटवर फोन आला, कमलच्या छातीत कळ आली म्हणून. माल न्यायची गाडी लोडिंगला लागलेली, टेबलावर असले दोनशे चाळीस हात पडलेले. सायेब म्हणला, माल पास कर आन् जा. एकेका नगाला दीड मिनिट लागतं, ताई. मी वीस मिनिटांत सगळ्यांवर शिक्का मारला. एकबी बघितला नाय. पळत सुटलो."

"आणि काकू?"

"वेळेवर पोचलो. डॉक्टर म्हणला, आजून अर्धा तास झाला असता तर नाय. दुसऱ्या दिवशी सायबाला म्हणलं, तो माल परत बोलवा. तो म्हणला, तक्रार आली तर बघू, तू गप ऱ्हा. मी गप राह्यलो. कमल नऊ वर्षं जगली माझ्यासंगं. ती हाये तंवर कुठल्या गाडीखाली बघायची हिंमतच झाली नाय. तिच्या हातचं जेवताना मनात यायचं, ही नऊ वर्षं कुणाच्या जिवावर आली असतील तर?"

ती गेल्यावर, चार वर्षांपूर्वी, त्यांनी शोधायला सुरुवात केली. तो हात बसायचा फक्त डब्यालाच, आणि त्या मालातल्या प्रत्येक हातावर अजून त्यांचा शिक्का आणि त्या दिवसाचा नंबर आहे. वीस सापडले, वीसही धड. पण उरलेले कुठे आहेत, कुणाला माहीत. तसं बघितलं तर अपघात नाही, तक्रार नाही, काहीच झालेलं नाही. तरीही रिक्षात माझ्या अंगावर काटा आला होता.

"गाडी घ्या," ते म्हणाले. "फकस्त तो हात मी बदलून देतो. नवा टाकू."

माझ्या भित्र्या मनाने आधी 'हो'च म्हटलं होतं. तोंडातून मात्र निघालं, "राहू द्या. आत्ता तर तपासला ना तुम्ही? गाडी रोज संध्याकाळी तुमच्या दारावरून जाईल. बघत जा." घर येईपर्यंत मला या शौर्याचा पस्तावा झाला होता. ह्यांनी 'दोन वर्षांनी परत पासिंग करावं लागेल' म्हणून कुरकुर केली, तेव्हा तर वाटलं, बरं झालं, मोडू दे व्यवहार. पण व्यवहार झाला.

जूनपासून मी घाटातून जाते. पहिल्या आठवड्यात वळणं मी देवाचं नाव घेत, वीसच्या वेगाने, मागच्यांच्या शिव्या खात घेतली. संध्याकाळी सव्वासहाला कॉलनीत शिरले की काका फाटकाशी उभे. माझ्याकडे बघायचे नाहीत. डाव्या पुढच्या चाकाकडे बघायचे, मान हलवायचे आणि आत जायचे. मी म्हणायचे, म्हाताऱ्याला माझ्यापेक्षा लोखंडाची काळजी.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी दौलताबादच्या किल्ल्याजवळच्या जुन्या, अरुंद दरवाजात एक ट्रक अडकला. पुढे-मागे गाड्यांची रांग, आणि फोनची बॅटरी संपलेली. दीड तास मी तिथेच. अंधार पडता पडता कॉलनीच्या अलीकडच्या मिटमिट्याच्या जवळ आले, तर रस्त्याच्या कडेने एक माणूस घाटाच्या दिशेने चालत येत होता. प्रत्येक गाडीचे दिवे दिसले की थांबायचा, ती गेली की परत चालायचा. घरातल्या बनियनवर, अनवाणी.

मी गाडी बाजूला घेतली. काका समोर आले, दोन्ही हात बॉनेटवर टेकवून उभे राहिले. त्यांना नीट श्वास घेता येत नव्हता. मी खाली उतरले आणि म्हटलं, "काका, चाक ठीक आहे. ट्रक अडकला होता."

त्यांनी चाकाकडे बघितलंच नाही. माझा दंड धरला, चेहऱ्याकडे बघितलं, दुसराही दंड धरून बघितला. "लागलं नाय ना कुठं?" म्हणाले. "ताई, लागलं नाय ना?" मग तिथेच, रस्त्याच्या कडेला, हा माणूस रडला, आणि मीही.

त्यांना शेजारी बसवून मी घरी आणलं. घाटाची, ट्रकची, अंधाराची त्या दिवशी मला भीती वाटली नाही. भीती वाटली ती एवढीच, की उद्या मला आणखी उशीर झाला तर हे असेच अनवाणी कुठपर्यंत चालत जातील. म्हणून आता शाळेतून निघताना मी ह्यांच्या आधी काकांना फोन करते.